मेल लॉगमध्ये ‘सेंट’ पण समोरच्याला मिळतच नाही: दर सीझनला परत येणारा तुटक्या हेडरचा प्रॉब्लेम

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही हेच आहे का ते लगेच कळेल. एखाद्या प्रोग्रॅममधून आपोआप जाणारे मेल, म्हणजे बिलं, पॅकिंग लिस्ट, डिस्पॅचची सूचना असले, काही जणांना व्यवस्थित पोचतात आणि काही जणांकडून परत येतात नाहीतर गायबच होतात, तोच मजकूर आउटलुकमधून हाताने पाठवला की सगळ्यांना जातो, सर्व्हर रीस्टार्ट करा, पासवर्ड बदला, एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या गोष्टी, दहा वेळा तपासा, काही फरक पडत नाही, आणि मग एक दिवस कोणी काही न करता सगळं आपोआप बरं होतं. हे आपोआप बरं होणं सगळ्यात वाईट, कारण त्यामुळे मूळ कारण कोणी शोधतच नाही आणि पुढच्या वर्षी परत तेच.

मी नाशिकला छोट्या कंपन्यांचे मेल सर्व्हर बघतो, अंबड-सातपूरची वर्कशॉप्स आणि पिंपळगाव बसवंतकडची द्राक्षांची एक-दोन पॅकहाउसेस. त्यातल्या एका पॅकहाउसला हा त्रास ओळीने तीन सीझन झाला. जानेवारीत सुरू, मे महिन्यात बंद. मालकांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. २०२५ च्या संक्रांतीला रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन आला.

‘अरे कंटेनर निघाला न्हावा शेव्याला, आणि रॉटरडॅमची पार्टी म्हणते पॅकिंग लिस्ट आलीच नाही. तू म्हणतो सर्व्हर ओके आहे. मग मेल गेला कुठं?’

‘तात्या, लॉगमध्ये तर गेलेला दिसतोय.’

‘लॉगमध्ये दिसून काय करू मी, त्या माणसाला दिसायला पाहिजे ना.’

तात्यांचं बरोबर होतं आणि मला तेव्हा खरंच वाईट वाटलं, कारण तीन वर्षं मी त्याच एका ओळीकडे बोट दाखवत होतो. स्टेटस=सेंट. या ओळीचा अर्थ एवढाच की पुढच्या सर्व्हरने २५०, म्हणजे ‘ठीक आहे’, म्हणून मेल हातात घेतला. तो इनबॉक्समध्ये टाकला, क्वारंटाइनला ठेवला की फेकून दिला ते तुमच्या लॉगला कधीच कळत नाही.

आता हेडरचं थोडं बघू, नाहीतर पुढचं समजणार नाही. मेलला दोन नावपत्ते असतात, एक पाकिटावरचा आणि एक आतल्या कागदावरचा. पाकिटावरचा म्हणजे एसएमटीपीच्या, म्हणजे मेल सर्व्हरच्या आपसातल्या, बोलण्यात सांगितलेला पाठवणारा आणि घेणारा, आणि आतला म्हणजे फ्रॉम, टू, सब्जेक्ट, डेट वगैरे हेडर. पोस्टफिक्स, म्हणजे आमच्या सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्रॅम, त्याच्या लॉगमध्ये जे फ्रॉम दिसतं ते पाकिटावरचं, आतल्या फ्रॉमबद्दल तो स्वतःहून एक शब्द लिहीत नाही, आणि म्हणून आत कितीही गोंधळ असला तरी लॉग स्वच्छ दिसतो. हेडरचे नियम आरएफसी ५३२२ मध्ये आहेत, इंटरनेटच्या नियमांचं २००८ चं डॉक्युमेंट, त्याचा आजोबा १९८२ चा आरएफसी ८२२. नियम फार नाहीत: नाव, कोलन, किंमत. नावात स्पेस चालत नाही. पुढची ओळ स्पेस किंवा टॅबने सुरू झाली तर ती आधीच्याच हेडरची, रिकामी ओळ आली की हेडर संपले आणि मजकूर सुरू. एक ओळ ९९८ अक्षरांच्या पुढे जाता कामा नये, शक्यतो ७८ च्या आत. डेट आणि फ्रॉम सक्तीचे, आणि फ्रॉम, टू, सीसी, सब्जेक्ट, डेट, मेसेज-आयडी हे प्रत्येकी एकदाच.

मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक मेलची स्वतःची वेगळी ओळखखूण, सक्तीचा नाही, ‘असायला हवा’ एवढंच लिहिलंय. सगळा घोळ तिथूनच झाला.

त्या रात्री मी शेवटी स्टेटसची ओळ सोडून बाकीच्या ओळी वाचल्या. पोस्टफिक्समध्ये एका मेलच्या चार-पाच ओळी असतात आणि सगळ्यांवर एकच क्यू आयडी असतो. एसएमटीपीडीची ओळ सांगते मेल कुठून आला, क्लीनअपची ओळ मेसेज-आयडी सांगते, क्यूमॅनेजरची ओळ पाकिटावरचा पाठवणारा आणि साइज, आणि शेवटी एसएमटीपीची ओळ कोणाला दिला आणि तो काय म्हणाला. आपण सगळे सवयीने शेवटची ओळ बघतो. मी क्लीनअपची बघितली तर तिथे होतं मेसेज-आयडी=<>. दोन कोनी कंस आणि मध्ये काहीच नाही. त्या दिवशी पॅकहाउसमधून गेलेल्या प्रत्येक मेलला तसंच. मग मी तात्यांच्या ऑफिसच्या सर्व्हरवर, म्हणजे गंगापूर रोडच्या ऑफिसात जिथे पोस्टफिक्सच चालतो त्याच मशीनवर, तोच बिलिंग प्रोग्रॅम उघडला आणि तेच बिल स्वतःला पाठवलं, आणि या वेळी क्लीनअपच्या ओळीत आलं २०२५०११४१६०२३३.३एफ२सी९१ए०बी४ आणि पुढे ॲटच्या चिन्हानंतर आमच्या सर्व्हरचं नाव.

ही ओळ नीट बघा, सगळं उत्तर तिच्यात आहे. पहिला भाग तारीख आणि वेळ, पण जीएमटीमधली, १६:०२:३३ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९:३२. आणि टिंबानंतरचा भाग म्हणजे त्याच ओळीच्या सुरुवातीला असलेला क्यू आयडी, अक्षर न् अक्षर तोच. क्यू आयडी प्रोग्रॅमला माहीत असणं शक्यच नाही, तो पोस्टफिक्स देतो. म्हणजे हा मेसेज-आयडी प्रोग्रॅमने दिलेलाच नव्हता, मेल आयडीशिवाय आला आणि सर्व्हरने गुपचूप चिकटवला.

मग पॅकहाउसमधून आलेल्याला का नाही चिकटवला? कारण पोस्टफिक्स ही मदत सगळ्यांना करत नाही. लोकल हेडर रीराइट क्लायंट्स नावाचं एक सेटिंग आहे, त्याची डिफॉल्ट किंमत परमिट इनेट इंटरफेसेस, म्हणजे मेल देणारा जर त्याच मशीनचा स्वतःचा आयपी असेल तरच राहिलेले फ्रॉम, डेट, मेसेज-आयडी घालायचे, बाहेरून आलेल्या मेलला हात लावायचा नाही. यूजरनेम पासवर्डने लॉगिन केलेला आपलाच माणूस असला तरी या हिशोबाने तो बाहेरचाच. आणि तात्यांकडे दर वर्षी काय व्हायचं, तर सीझन सुरू झाला की बिलिंग ऑफिसच्या मशीनवरून उचलून पॅकहाउसच्या पीसीवर न्यायचे, कारण पॅकिंग लिस्ट तिथेच तयार होते, आणि सीझन संपला की परत ऑफिसात. ऑफिसात असताना प्रोग्रॅम आणि पोस्टफिक्स एकाच मशीनवर, आयडी आपोआप चिकटतोय, कोणाला पत्ता नाही. पॅकहाउसला गेला की चिकटायचं बंद. म्हणून जानेवारीत सुरू आणि मे महिन्यात बंद.

परत आलेले मेल का नाही दिसले हे पण सांगतो, कारण ही चूक मी बऱ्याच ठिकाणी बघितलीय. पाकिटावर पाठवणारा म्हणून नोरिप्लाय असा ॲड्रेस टाकलेला होता आणि तो मेलबॉक्स कोणी उघडतच नव्हतं. मी उघडला तर आत तीन सीझनचे बाउन्स पडलेले. जीमेल तर स्पष्ट सांगत होतं, ५५० ५.७.१, वैध मेसेज-आयडी नसलेला मेल घेत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले, त्यात मेल आरएफसी ५३२२ प्रमाणे असला पाहिजे ही अट उघड लिहिलेली आहे. रॉटरडॅमच्या पार्टीचा सर्व्हर मात्र २५० म्हणायचा आणि बाजूला ठेवून द्यायचा. तर नोरिप्लाय असो की काहीही असो, तो मेलबॉक्स कोणाच्या तरी रोजच्या कामात बसवा, आमच्याकडे अकाउंटच्या ताई आता रोज सकाळी चहाच्या आधी तो उघडतात.

तात्पुरता इलाज दोन मिनिटांचा आहे. त्याच सेटिंगमध्ये परमिट इनेट इंटरफेसेसच्या पुढे परमिट सासल ऑथेंटिकेटेड जोडा आणि रीलोड करा, लॉगिन करून येणाऱ्या सगळ्यांना राहिलेले हेडर मिळायला लागतात. ऑलवेज ॲड मिसिंग हेडर्स असं पण एक सेटिंग आहे, ते बरेच जण सुचवतात, पण ते मी लावत नाही, कारण ते बाहेरून आपल्याकडे येणाऱ्या मेललाही हेडर चिकटवतं आणि पाठवणाऱ्याने डीकेआयएम सही करताना ‘हे हेडर नाही’ असं धरून सही केली असेल तर ती सही मोडते. खरा इलाज प्रोग्रॅममध्ये. बिलिंगवाल्या डेव्हलपरशी बोललो तर तो म्हणाला, ‘सर, स्टँडर्डमध्ये मेसेज-आयडी कंपल्सरी नाहीये.’ कागदावर त्याचं बरोबर होतं. मी त्याला जीमेलचा बाउन्स फॉरवर्ड केला आणि सांगितलं, दादा, स्टँडर्ड काय म्हणतं ते राहू दे, तुझ्या ग्राहकाची पॅकिंग लिस्ट पोचत नाहीये.

मला वाटलं संपलं. पण चार दिवसांनी परत काही मेल स्पॅममध्ये, आणि या वेळी मेसेज-आयडी होता. म्हणून मग ठरवलं की प्रोग्रॅम नक्की काय बाहेर टाकतो ते सर्व्हरचा हात लागायच्या आधी बघायचं, आणि ही गोष्ट मी तीन वर्षांपूर्वीच करायला पाहिजे होती. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ करून जे दिसतं ते दुरुस्त झालेलं असतं, पोस्टकॅट लावून क्यूमधला मेल बघितला तरी तो क्लीनअपमधून गेलेलाच असतो. त्यासाठी पायथॉनमधलं एआयओएसएमटीपीडी वापरा. पॅकहाउसच्या पीसीवर ते डॅश एन देऊन चालू केलं की ८०२५ पोर्टवर खोटा मेल सर्व्हर उभा राहतो आणि आलेला मेल तसाच्या तसा स्क्रीनवर छापतो, कुठेही पाठवत नाही. प्रोग्रॅममध्ये सर्व्हरच्या जागी लोकलहोस्ट आणि ८०२५ टाका, लॉगिन आणि टीएलएस बंद करा, एक बिल पाठवा. पूर्वी पायथॉनबरोबर एसएमटीपीडी मॉड्यूल यायचं, ते ३.१२ पासून काढलंय, म्हणून जुन्या सूचना चालत नाहीत.

तर त्या स्क्रीनवर सब्जेक्ट चक्क मराठीत वाचता येत होता. बघायला बरं वाटतं, पण तो वाचता येणं हाच फॉल्ट. हेडरमध्ये साध्या रीतीने फक्त आस्की, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साधी चिन्हं चालतात, देवनागरी पाठवायची तर ती आरएफसी २०४७ प्रमाणे एन्कोड करून, म्हणजे बरोबर-चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८, बी, आणि मग बेस६४ चा मजकूर अशा रूपात. आमच्या प्रोग्रॅममध्ये सब्जेक्टमध्ये मालाचं नाव मराठीत यायचं, ‘द्राक्षे’. दिसायला दोन अक्षरं, पण संगणकाच्या हिशोबात द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष, मात्रा असे आठ तुकडे, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक तुकड्याला तीन बाइट, म्हणजे चोवीस. देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याचा पहिला बाइट ई० असतो आणि दुसरा ए४ किंवा ए५. हे लक्षात ठेवा, फार कामाला येतं. ॲमाविस हा मेल तपासणारा प्रोग्रॅम लावलेला असेल तर तो हेडरमध्ये इशारा घालतो, बॅड हेडर सेक्शन, नॉन-एन्कोडेड ८-बिट डेटा, कॅरॅक्टर ई० हेक्स. ई० दिसला की समजायचं कुठेतरी मराठी किंवा हिंदी उघडी गेलीय. आणि समोरच्याच्या मेलबॉक्समध्ये सब्जेक्टच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या पुढे चार पायांचं एक गोल चिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर ते हेच दोन बाइट आहेत, ई० आणि ए४, लॅटिन-१ समजून वाचलेले. ग्राहकाने नुसता फोटो पाठवला तरी यावरून निदान होतं, लॉगिन करायची पण गरज नाही.

एन्कोड करताना अजून एक काळजी. एक एन्कोडेड तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. पुढच्या मागच्या खुणा वजा जाता ६३ उरतात, बेस६४ चार-चारच्या गटात चालतो म्हणून ६० वापरता येतात, ६० म्हणजे ४५ बाइट, आणि ४५ बाइट म्हणजे देवनागरीचे पंधरा तुकडे. ‘पिंपळगाव बसवंत’ एवढंच स्पेस धरून ४० बाइट होतं. म्हणजे मराठी सब्जेक्टचे दोन-तीन तुकडे होणारच, आणि ज्याने हाताने कोड लिहिलाय तो बाइट मोजून मध्येच कापतो, एका अक्षराचा एक बाइट इकडे आणि दोन तिकडे, मग त्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन. नियम असा आहे की अक्षर दोन तुकड्यांत तोडायचं नाही. म्हणून हे हाताने लिहूच नका, प्रत्येक भाषेत लायब्ररी आहे तिला द्या. आणि एन्कोड केलेलं नाव अवतरणचिन्हांत टाकू नका, तिथे ते उलगडलं जात नाही आणि समोरच्याला कच्चा बेस६४ दिसतो.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, सेंडमेल कमांडने जाणारे रिपोर्ट असतील, बॅकअप झाला वगैरे, आणि त्यांचा सब्जेक्ट उघड्या मराठीत असेल तर वेगळाच एरर येतो, एसएमटीपीयूटीएफ८ पाहिजे पण समोरच्या सर्व्हरने देऊ केलं नाही, कोड ५.६.७. पोस्टफिक्स ३.० पासून हे आहे, सेंडमेलमधून आलेल्या मेलच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ दिसलं की तो मेल पुढे ती सोय असलेल्यालाच द्यायचा असं तो धरतो. इलाज तोच, सब्जेक्ट एन्कोड करा, एसएमटीपीयूटीएफ८ बंद करत बसू नका.

आता जो प्रकार शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो. एकाच पार्टीला जाणारे मेल असे पोचायचे की पीडीएफ नाहीच, त्याच्या जागी पानंच्या पानं रोमन अक्षरं, आणि वर कंटेंट-टाइप, बाउंड्री असलं काहीतरी मजकुरात आलेलं. बाकी सगळ्यांना व्यवस्थित. अक्षरांचा ढीग जे-व्ही-बी-ई-आर असा सुरू होत होता, आणि बेस६४ मध्ये प्रत्येक पीडीएफ तसाच सुरू होतो, म्हणजे पीडीएफ आत होता पण त्याला पीडीएफ म्हणणारा हेडर खाली मजकुरात पडला होता. का पडला? एआयओएसएमटीपीडीच्या स्क्रीनवर त्या पार्टीचं नाव टू हेडरमध्ये दोन ओळींवर होतं. नाव पहिल्या ओळीत, गाव दुसऱ्या ओळीत. पार्टीची यादी एक्सेलमधून घेतलेली, कोणीतरी सेलमध्ये ऑल्ट आणि एंटर दाबून गाव खालच्या ओळीवर छान लिहिलेलं, आणि प्रोग्रॅमने ते नवी ओळ सकट हेडरमध्ये ओतलं. दुसरी ओळ स्पेसने सुरू होत नाही म्हणून आधीच्या हेडरची नाही, तिच्यात कोलन नाही म्हणून नवा हेडर पण नाही, मग पोस्टफिक्स समजतो हेडर इथेच संपले, आणि त्याच्या खालचं सगळं मजकूर. तो मेल परत पाठवत नाही, तक्रार करत नाही, लॉगमध्ये एक ओळ जास्तीची येत नाही. मेसेज-आयडीचा हेडर त्या तुटलेल्या ओळीच्या खाली असेल तर एवढंच होतं की क्लीनअपच्या ओळीत परत ते रिकामे कोनी कंस दिसतात, आणि आम्ही लॉगिनवाल्यांना परवानगी दिल्यावर ते पण दिसायचं बंद झालं, त्याच्या जागी सर्व्हरने स्वतः बनवलेला, क्यू आयडीवाला आयडी यायला लागला. म्हणजे त्या दोन मिनिटांच्या इलाजाने हा दुसरा रोग झाकला गेला होता.

हा नुसता न पोचण्याचा प्रश्न नाही हे डेव्हलपर लोकांना कळकळीने सांगतो. वेबसाइटवरच्या चौकशीच्या फॉर्ममध्ये कोणी नावाच्या रकान्यात नवी ओळ घालून पुढे बीसीसी आणि शंभर पत्ते लिहिले आणि तुमचा कोड ते तसंच हेडरमध्ये टाकत असेल, तर तुमच्या सर्व्हरवरून त्याचा स्पॅम जाईल आणि तुमचा आयपी काळ्या यादीत. हेडरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक किमतीतून सीआर आणि एलएफ, म्हणजे नवी ओळ सुरू करणारी अक्षरं, काढा. पायथॉनची आताची ईमेल लायब्ररी अशी किंमत दिली की एरर देऊन थांबते, तो एरर ट्राय-एक्सेप्टमध्ये गिळू नका.

बाकीचे प्रकार पटापट सांगतो. कंपनीच्या नावात स्वल्पविराम, आपल्याकडे ‘अमुक ॲग्रो एक्स्पोर्ट्स, नाशिक’ असं लिहायची पद्धतच आहे, ते अवतरणचिन्हांशिवाय फ्रॉममध्ये गेलं की स्वल्पविरामाला दोन पत्ते समजले जातात. सब्जेक्ट किंवा टू दोनदा जाणं, एकदा लायब्ररी घालते आणि एकदा टेम्प्लेटमध्ये हाताने लिहिलेलं असतं. साठ-सत्तर जणांचा सीसी एकाच ओळीत, तो ९९८ च्या पुढे जातो, पोस्टफिक्स तो पाठवताना मध्ये ओळ तोडून एक स्पेस घालतो आणि त्याने डीकेआयएम मोडू शकते, पोस्टफिक्सऐवजी एक्झिम असेल तर तो लॉगमध्ये स्पष्ट सांगतो की ओळी ट्रान्सपोर्टसाठी फार लांब आहेत आणि परत पाठवतो. एक्झिम या बाबतीत मला जास्त आवडतो, त्याच्या रिजेक्ट लॉगमध्ये नाकारलेल्या मेलचे हेडर पण लिहिलेले असतात, शेअर्ड होस्टिंगवर असाल तर होस्टिंगवाल्याकडे मेन लॉगबरोबर तो पण मागा. ॲमाविसच्या लॉगमध्ये बॅड-हेडरच्या पुढे आकडा असतो तो पण वाचा, २ म्हणजे उघडी ८-बिट अक्षरं, ५ म्हणजे लांब ओळ, ७ म्हणजे सक्तीचा हेडर नाही, ८ म्हणजे तोच हेडर दोनदा. पास्ड लिहिलेलं असलं तरी हा आकडा असतो, आणि पास्ड बघून सगळे पुढे जातात.

तारखेचं मात्र थोडं थांबून सांगतो, कारण हे आपल्याच लोकांना जास्त होतं. बिलावर तारीख मराठीत यावी म्हणून प्रोग्रॅमचं लोकेल, म्हणजे भाषेचं सेटिंग, मराठी केलं की काही ठिकाणी मेलचा डेट हेडर पण त्याच फंक्शनमधून जातो आणि वार मंगळ आणि महिना जानेवारी असा देवनागरीत लिहिला जातो. स्टँडर्डमध्ये वार आणि महिने इंग्रजीच तीन अक्षरांचे. मग काही क्लायंट तारीख न समजल्याने मेल इनबॉक्सच्या एकदम तळाला टाकतात, माणूस शपथेवर सांगतो आलाच नाही आणि तो तिथेच असतो. पायथॉनमध्ये यासाठी फॉर्मॅटडेट वापरा, ते लोकेलकडे बघत नाही. आणि वेळेच्या मागे आयएसटी लिहू नका, +०५३० लिहा, आयएसटी इस्रायलचा पण आहे आणि आयर्लंडचा पण, स्टँडर्ड तर सांगतं की असं अनोळखी नाव आलं तर झोन माहीत नाही असंच धरा.

आणि सर्व्हर अपग्रेड केल्यापासून एखादं जुनं उपकरण किंवा प्रोग्रॅम मेल पाठवताना नुसता अडकून राहत असेल, लॉगमध्ये पाच मिनिटांनी टाइमआउट आफ्टर डेटा येत असेल, तर तो सीआर-एलएफ ऐवजी नुसता एलएफ पाठवतोय. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंगचा हल्ला जाहीर झाला, त्यानंतर पोस्टफिक्स ३.९ मध्ये मेल संपल्याची खूण पूर्ण सीआर-एलएफनेच मानायचं हे डिफॉल्ट झालं, त्यामुळे जुना प्रोग्रॅम आपल्या परीने ‘संपलं’ म्हणतो आणि सर्व्हर अजून वाट बघतो. सेटिंग मागे घेऊ नका, सगळ्या सर्व्हरसाठी भोक पडतं. त्या एका उपकरणाचा आयपी स्मगलिंगच्या एक्स्क्लूजन यादीत टाका, आणि तो आयपी आतल्या नेटवर्कचाच असू द्या.

यातलं उघड्या अक्षरांचं पुढे आपोआप पकडलं जावं म्हणून मी हेडर चेक्समध्ये एकच ओळ ठेवलीय, पीसीआरईचा पॅटर्न, ८० ते एफएफ हेक्समधला कुठलाही बाइट हेडरमध्ये दिसला की वॉर्न. रिजेक्ट नाही, वॉर्न. मेल जातो पण लॉगमध्ये तो हेडर, कोणाकडून आला, कोणाला चालला, सगळं लिहिलं जातं. डेबियन-उबंटूवर पीसीआरईचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं आणि नियम लावायच्या आधी पोस्टमॅपला डॅश क्यू देऊन एक मराठी ओळ तपासून घ्या. एकदम रिजेक्ट लावला तर बाहेरून येणारे खरे ग्राहकांचे मेल पण अडतील, बँकांचे आणि सरकारी मेल पण काही वेळा उघड्या हिंदीत येतात. आणि हेडर चेक्सने नसलेला हेडर पकडता येत नाही, तो एकेक ओळ बघतो, त्यामुळे मेसेज-आयडीसाठी ते रिकामे कोनी कंसच शोधायचे.

डेव्हलपरने मार्चमध्ये दुरुस्त व्हर्जन दिलं. डिसेंबरमध्ये, सीझनच्या आधी, मी पॅकहाउसच्या पीसीवर बसून चार नकली पार्ट्या घातल्या, एकीच्या नावात स्वल्पविराम, एकीच्या नावात ऑल्ट-एंटर, एकीचं नाव आणि माल दोन्ही मराठीत लांबलचक, आणि एकीला चाळीस जणांचा सीसी. आधी एआयओएसएमटीपीडीवर बघितलं, मग खऱ्या सर्व्हरवरून पाठवलं. लॉगिनवाल्यांची ती परवानगी त्याआधीच काढून टाकली होती, म्हणजे सर्व्हर काही झाकणार नाही. तात्या मागे खुर्ची ओढून बसले होते, त्यांना काय बघायचं ते आता माहीत होतं.

‘क्यू आयडी आहे का त्यात?’

नव्हता. चारही ओळींमध्ये मेसेज-आयडी भरलेला होता आणि ॲटच्या पुढे सर्व्हरचं नाव नव्हतं, पॅकहाउसच्या पीसीचं होतं.